धातुकामाचे कारखाने एकाच भागात का जमतात? (जागा बदलायची आहे, सल्ला हवा)

अभ्रक:
नमस्कार. आम्ही दोघी बहिणी हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या झडपेचे) स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि बॉडी बनवतो. दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), एक सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल भाग घासणारं मशीन) आणि नऊ माणसं. आता जागा पुरत नाही. दोन पर्याय समोर आहेत. एक नवी औद्योगिक वसाहत: मोठा प्लॉट, भरपूर वीज, रुंद रस्ते, करात सवलत. पण आसपास धातूचं काम करणारं कुणीच नाही. दुसरा धातुकामाचा जुना पट्टा: लहान आणि महाग गाळे, ट्रक वळवायलाही जागा नाही. तरीही नवे गाळे तिथेच उघडतात आणि चांगले टर्नर, फिटरही तिकडेच जातात. तिथे ना खनिज आहे, ना कोळसा. मग ओढ कशाची आहे? कागदावर तर नवी वसाहतच स्वस्त दिसते.

टूलरूमकर:
ताई, मी टूल अँड डाय मेकर आहे, २६ वर्षं झाली. दोन्ही प्रकारच्या जागांत काम केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या आधीच्या मालकांनी अशाच सवलतीपायी कारखाना लांब हलवला होता. शेड उत्तम, क्रेन नवी. तिसऱ्या महिन्यात एका ब्लँकिंग डायच्या (पत्र्यातून आकार कापणाऱ्या साच्याच्या) पंचाचा, म्हणजे वरून कापणाऱ्या भागाचा, कोपरा उडाला. डी-२ या टूल स्टीलचा साधा पंच. जुन्या पट्ट्यात असताना हे एका रात्रीचं काम होतं. दुपारी पंच गेला की संध्याकाळपर्यंत शेजारच्या गल्लीत वायरकटवर (विजेच्या ठिणगीने तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) नवा कापून व्हायचा, रात्री हार्डनिंग (तापवून कडक करणं), टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करणं), सकाळी ग्राइंडिंग, आणि पहिल्या पाळीत प्रेस सुरू. नव्या जागी त्याच पंचाला ११ दिवस लागले. हार्डनिंगची व्हॅक्यूम भट्टी एका दिवसाच्या रस्त्यावर, आणि भट्टीवाला आमच्या चार तुकड्यांसाठी भट्टी लावेना.

लावणार तरी कशी? भट्टी तापवायचा खर्च आत चार पंच असोत की चाळीस, जवळपास तेवढाच. वीस टूलरूमचा माल एकत्र आला तर ती रोज भरते आणि रोज उघडते. हार्ड क्रोम (क्रोमचा कडक थर), नायट्रायडिंग (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक करणं), होनिंग (भोक आतून घासून अचूक करणं), गेज कॅलिब्रेशन (मापाच्या साधनांची तपासणी), सगळ्यांचं गणित हेच आहे. एकट्या कारखान्याला यातलं एकेक मशीन घेणं परवडत नाही, पण पट्टा मिळून ती सगळी पोसतो.

दुसरी गोष्ट कोटेशनमध्ये दिसत नाही. जुन्या पट्ट्यातला आमचा हार्डनिंगवाला तुकडा हातात घेऊन दारातच सांगायचा, "हा आतला कोपरा फार धारदार ठेवलायस, क्वेंचिंगला, एकदम थंड करताना, तडा जाईल, थोडी त्रिज्या दे." मी तिथल्या तिथे परत फिरायचो. माझं निम्मं शिक्षण असं दारांवर झालंय. लांबच्या जागी तोच तुकडा पार्सलने जायचा आणि तडकून परत यायचा. सांगायला कुणी नसायचं.

आणि माणसं. ऑर्डर कमी झाल्यावर आमच्यापैकी सहा जणांना थांबवलं. त्या वसाहतीत दुसऱ्या कारखान्याचं गेटच नव्हतं, म्हणून सहाही कुटुंबं घर मोडून परतली. मुलांच्या शाळा वर्षाच्या मध्येच बदलल्या. पट्ट्यात एक गेट बंद झालं तर घर न हलवता दुसऱ्या गेटवर उभं राहता येतं. ताई, चांगला कारागीर पगाराआधी हे बघतो. मीही आता हेच बघतो.

जुनी_पानं:
खनिजाचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून लिहितो. सुरुवात बहुतेक वेळा खनिजानेच होते. जमशेदपूरचं उदाहरण आहेच: गोरुमहिसाणीचं लोहखनिज, झरियाचा कोळसा, सुवर्णरेखा आणि खरकई यांच्या संगमावरचं पाणी. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली निघाली, पहिलं पोलाद १९१२ साली. अॅल्युमिनियमचं वेगळं आहे. एक टन काढायला सुमारे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते, म्हणून बॉक्साइट (त्याचं खनिज) नसलेल्या आइसलँडमध्ये त्याचे कारखाने आहेत.

मला मात्र इंग्लंडमधल्या शेफील्डची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पाच लहान नद्यांवरच्या पाणचक्क्या आणि जवळच मिळणारा धार लावायचा दगड, एवढ्यावर तिथे सुऱ्या-कात्र्यांचा धंदा वाढला. चांगल्या पोलादासाठी लागणारं लोखंड तर स्वीडनहून जहाजाने यायचं! बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी, स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद हवं म्हणून १७४०च्या दशकात तिथे मुशीत पोलाद वितळवू लागला. पुढे वाफेचं इंजिन आल्यावर पाणचक्क्यांची गरज संपली, पण धंदा हलला नाही, कारण घासणारे, मुठी बसवणारे, कानशीला दात पाडणारे हात तिथेच होते. १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टीलही तिथेच बनवलं.

जपानमधलं त्सुबामे-सांजो तर खिळे ठोकण्यापासून काट्या-चमच्यांपर्यंत आलं. माल बदलला, हात तेच राहिले.

गाळा_क्र_७:
मी पट्ट्यातच आहे. बाकी सगळं पटलं, पण एक लिहायचं राहिलं. दोन वर्षं शिकवून तयार केलेला ऑपरेटर शेजारचा थोडा जास्त पगार देऊन नेतो. माझे तीन गेले. मनाला लागतं.

टूलरूमकर:
खरं आहे, लागणारच. पण तुमच्याकडे आज जे आहेत, तेही कुणाच्या तरी हाताखाली शिकूनच आलेत ना? माझी एवढीच विनंती आहे की पट्ट्यातल्या मालकांनी मिळून शिकाऊ मुलं घ्यावीत. मी चार घेतलीत. दोघं आता स्वतः माप काढतात, मायक्रोमीटर नीट धरतात. ते उद्या शेजारी गेले तरी डाय अडली की मला त्यांच्याकडे जाता येईल.

अभ्रकताई, तुमच्या स्पूल आणि बोअरमधली (तो सरकतो त्या भोकामधली) फट काही मायक्रॉनचीच, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचीच असणार. स्पूल हार्ड करायला कुठे जातो? बोअरचं होनिंग घरी करता की बाहेर? गेल्या महिन्याची जॉबवर्कची (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाची) चलनं काढा आणि मोजा.

अभ्रक:
मोजली. एका महिन्यात ३१ चलनं. त्यातली १९ नायट्रायडिंगची, ७ होनिंगची, बाकी प्लेटिंग आणि वायरकट. दोनदा तर माल त्याच दिवशी परत आला होता, हे मी विसरूनच गेले होते.

काल आमच्या ग्राइंडरवाल्या काकांना विचारलं, नव्या वसाहतीत याल का? ते म्हणाले, "तुमच्याशिवाय तिथे अजून कोण कोण आहे?" मला उत्तर देता आलं नाही. बहीण अजून प्लॉटचा नकाशा घेऊन बसलीय, तिला हा धागा वाचायला दिलाय.

टूलरूमकर:
१९ म्हणजे बरीच झाली. नायट्रायडिंगवाल्याला एवढंच विचारा की तुमचा माल रोज न येता आठवड्यातून एकदा एकगठ्ठा आला तर चालेल का, आणि एखादा लॉट बिघडला तर पुढची भट्टी कधी मिळेल. त्याचं उत्तर बहिणीलाही ऐकवा.