पहाटेचा नळ (लघवीवर ताबा न राहणे : आपापले अनुभव लिहा)

सांजवात
काल पहाटे चारला मी मोरीत चादर धूत होते. नळ अगदी बारीक सोडलेला, कुणाला जाग येऊ नये म्हणून. आणि एकदम हातच थांबला. कॉलेजात होते तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या हाच आवाज मी ऐकायचे. आई धुवत असायची. "एवढ्या पहाटे काय गं?" विचारलं की म्हणायची, "झोप लागेना, म्हटलं उरकून टाकावं." मी ते खरं मानलं. कुठे जायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची, कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची धरायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. आम्ही भावंडं म्हणायचो, हिला कशातच रस नाही.

आई आता नाही. मी ६४ची. दोन वर्षांपूर्वी खोकताना थेंब-थेंब व्हायचं, आता दाराला किल्ली लावेपर्यंतही दम निघत नाही. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. आईला विचारायचं राहिलं ते तुम्हाला विचारतेय. तुम्ही काय केलंत?

रानजाई
अगं किल्ली!! मला वाटायचं हे जगात माझ्या एकटीचंच आहे. रस्ताभर काही नसतं, कुलूप दिसलं की संपलं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घर आलं की मोकळं व्हायचं ही मेंदूला लागलेली सवय असते, ती मोडता येते. धावायचं नाही. जिथे आहोत तिथे थांबायचं, जमलं तर टेकायचं, खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचे-सोडायचे. कळ लाटेसारखी येते तशी ओसरते. ओसरली की मग सावकाश चालत जायचं. पहिले आठ दिवस जमलं नाही, रडूच आलं. आता दहातल्या सात वेळा जमतं.

बाकी नंतर लिहिते, गॅसवर ठेवलंय.

केवडा
+१. वाचतेय.

पाऊलखुणा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सांजवातताई, तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. खोकला, शिंक, हसणं, वजन उचलणं यात गळतं ते ओटीपोटाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडल्यामुळे. बाळंतपणं, पाळी जाणं, जुना खोकला, वाढलेलं वजन, सतत कुंथणं, सगळ्याचा हात असतो. अचानक घाईची लागून पोचेपर्यंत होतं ते वेगळं, तिथे मूत्राशय भरण्याआधीच आवळतं. अनेकींना दोन्ही असतं, तुमचंही तसंच वाटतंय. नक्की काय ते तपासूनच कळेल.

पहिल्यासाठी केगल. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, आजही सुरुवात त्यांनीच करतात. वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो आणि लघवी अडवताना जे आवळतो, ते दोन्ही एकदम आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले ढिले. श्वास चालू. सुरुवातीला ३ सेकंद धरलं तरी पुष्कळ, हळूहळू १० सेकंदांपर्यंत. धरलं तेवढाच वेळ सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने तरी द्या, पंधरा दिवसांत सोडून देणाऱ्या फार. आणि लघवी करताना मध्येच अडवून हा व्यायाम करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. एवढ्यानेही कपडे कोरडे राहतात.

चिमणपाखरू
नातू विचारतो, आजी तू सिग्नलला गप्प का होतेस? म्हटलं मोजतेय रे, दहापर्यंत. आता तोही माझ्याबरोबर मोजतो. मोठ्याने!

माळरान
पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? आईचं सगळं मीच करतो, ती ८२ची आहे. सुरुवातीला ती मला चादरीला हात लावू द्यायची नाही. तिच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्या तेव्हा कळलं, रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती आणि ती आम्ही रात्री देत होतो. त्यांनी ती सकाळवर नेली. पायांना सूज असते म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून झोपवतो, नाहीतर तेच पाणी रात्री आडवं झाल्यावर उतरतं. चार वेळा उठायची ती आता दोनदा उठते. मनाने गोळी बंद मात्र करू नका कुणी.

पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा ठेवलाय. ओल्या फरशीवर घाईत पडली असती तर काय, या विचाराने मला झोप यायची नाही.

मध्यंतरी दोन दिवसांत एकदम वाढलं आणि ती काहीबाही बोलायला लागली. लघवीत इन्फेक्शन निघालं. असं अचानक झालं तर वय झालं म्हणून बसू नका.

केवडा
माळरान, आईच्या गादीवर काय घालता हो? आमच्याकडे सासूबाईंना प्लास्टिकने घाम येऊन पाठीला पुरळ उठलं.

माळरान
प्लास्टिक थेट नाही. वॉटरप्रूफ कव्हर, त्यावर सुती चादर, त्यावर मधल्या भागात दुपट्याएवढं जाड कापड आडवं. रात्री फक्त तेवढंच बदलतो. आई पूर्ण उठायच्या आत होतं.

रानजाई
ही युक्ती मी उचलली.

अबोली
मला मात्र राग आलाय, आजही. पहिल्या डॉक्टरांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. "या वयात व्हायचंच, पॅड वापरा." पाच वर्षं मी ते ऐकून गप्प बसले. लग्नाकार्याला जाणं सोडलं, मैत्रिणींबरोबरचं फिरणं सोडलं. मग बहिणीने ओढत दुसरीकडे नेलं. त्या बाईंनी नीट तपासलं, अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरलं होतं. आत आधाराला एक रिंग बसवली आणि योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ, कोरडी होते म्हणे. मला ऑपरेशन लागलं नाही. माझी ती पाच वर्षं कुठे गेली?

सांजवात
अबोली, तुझं वाचून घशात आवंढा आला. आईची तर वीस-बावीस असतील गं.

पाऊलखुणा
अबोलीताई, होतं पुष्कळ जणींना, पण म्हणून सोसायचं नसतं. लघवीत रक्त दिसलं, जळजळ-ताप असला, किंवा पायांतली ताकद जाऊन खालचा भाग बधिर वाटला तर वाट बघू नका. बधिरपणा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ओसरी
पॅडबद्दल कुणी बोललं नाही. पाळीची पॅड वापरू नका, ती रक्तासाठी असतात, लघवी पातळ असते आणि एकदम येते. यासाठीची वेगळी मिळतात. ओलं झालं की लगेच बदला. मी साबणाने घासघासून धुवायचे, वास येईल या भीतीने. कातडी सोलवटली, चालवेना. आता कोमट पाणी, टिपून कोरडं करणं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ हात. घासायचं नाही, टिपायचं.

चिमणपाखरू
आणि पाणी तोडू नका हो! लघवी दाट, पिवळीजर्द झाली की मूत्राशय अजूनच चुरचुरतं, शिवाय पोट साफ होत नाही आणि कुंथून पुन्हा तेच. मी दिवसभर नेमाने पिते, झोपण्याआधी दोन तास आवरतं घेते. संध्याकाळची कॉफी सुटली, तिची आठवण येते.

रानजाई
आले परत. मला या घाईवर एक गोळी दिली होती, तोंडाला कोरड पडायची आणि नावं आठवेनात. मी घाबरले. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी बदलून दिली. त्यामुळे गोळी सुरू केलीत आणि डोकं जड वाटलं तर सांगा त्यांना.

आणि नवऱ्याला सांगितलं एकदाचं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याची उशी भिंतीकडे आणि माझी दाराकडे ठेवलेली.

केवडा
😭 रानजाई

सांजवात
चार दिवसांनी लिहितेय. फिजिओकडे गेले होते. त्यांनी आधी तीन दिवस डायरी लिहायला लावली : किती प्यायले, किती वाजता गेले, किती झाली, कधी गळलं. मापाच्या भांड्यात मोजलं तर दर खेपेला १००-१२० मिली, आणि दिवसात चौदा खेपा! त्या म्हणाल्या, ३००-४०० सहज मावतं. गळेल या धास्तीने मी सारखी जात राहिले आणि मूत्राशयाने तेवढ्यावरच हाक मारायची सवय लावून घेतली. आता सव्वा तासाने जायचं, ते जमलं की पंधरा मिनिटं वाढवायची.

ती डायरी टेबलावर राहिली आणि मुलीने वाचली. मी गोरीमोरी. ती शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, मलाही शिंकताना होतं. बाळंतपणापासून." ३६ वर्षांची आहे ती! आता दोघी रात्री दिवा मालवल्यावर आपापल्या खोलीतून केगल करतो. ती "झालं" असा मेसेज टाकते, मी "झालं" लिहिते.

ओसरी
मापाच्या भांड्यावर ठळक खूण करून ठेव गं, आणि मोरीतच ठेव. आमच्याकडे ते स्वयंपाकघरात पोचलं होतं.

सांजवात
अगं बाई! आत्ता करते.