ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) लावला की ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा मेनजवळचा स्विच) पडते, प्लगची पिनही तपकिरी झालीय. काय-काय तपासू?

मानेवाडा_नानकटाई:
माझा ओटीजी 40 लिटरचा, 2000 वॉटचा, सहा वर्षं जुना. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात ओव्हन लावणं होतच नाही, म्हणून अक्षय्य तृतीयेपासून कपडा टाकून ठेवला होता. काल दिवाळीच्या नानकटाईचा पहिला ट्रे ठेवला आणि पाच मिनिटांत घरभराची लाइट गेली. ईएलसीबी वर केली, पुन्हा पडली. प्लग काढला तर एक पिन तपकिरी, भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं. एका वायरमनने सांगितलं, "ओव्हनची लाइन ईएलसीबी सोडून डायरेक्ट देतो." पण माझी तीन वर्षांची नात ट्रे फुगताना पाहायला ओव्हनसमोरच बसून असते. मन धजत नाही. पंधरा किलोची ऑर्डर आहे.

खामला_रिपेरिंग:
ताई, डायरेक्ट लाइन देऊच देऊ नका. घरची ईएलसीबी बहुतेक 30 मिलिअँपिअरची असते. तेवढा करंट बाहेर गळला की ती पडते. म्हणजे ती आपलं काम नीट करून राहिली. तिला काढलं तर तोच करंट ओव्हनच्या पत्र्यावर येईल, आणि पत्र्याला नात हात लावेल.

तुमच्याकडे दुखणी दोन आहेत. पहिलं पिनचं. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट पाहिजे. मधे कन्व्हर्टर प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड असेल तर आजच काढा. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नुसता प्लग बदलणारे लोक वर्षाच्या आत माझ्याकडे परत येतात, कारण सॉकेटमधली सैल पत्ती नवी पिनही जाळते. मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा आणि मागची वायर पाहजा. कडक झाली असेल तर तेवढी कापून टाका.

दुसरं ओव्हन तापवणाऱ्या रॉडचं. रॉडच्या नळीत तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली. ही पूड ओल ओढते. अख्खा पावसाळा ओव्हन बंद होता, त्यामुळे करंट पुडीतून पत्र्याकडे गळतो. सॉकेट नवीन झालं की फक्त वरचा रॉड लावा, 100 अंशावर, अर्धा तास, समोर उभं राहून. त्या गरमीनं खालचाही सुकतो. मग फक्त खालचा लावा. त्यावर पडली तर दोषी तोच. मेगरवर (करंट किती गळू शकतो ते दाखवणाऱ्या मीटरवर) 1 मेगाओहमच्या खाली दाखवलेला रॉड मी परत बसवत नाही. फोड आलेला, चीर गेलेला, एकाच जागी जास्त लाल होणारा रॉड ट्रिप न होताही बदलायचा.

अर्थिंगही मोजून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मग अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावं लागतं. पत्र्याला हात लावून मुंग्या आल्या तर मेनच बंद करा.

धरमपेठची_काकू:
रॉडचं झालं की तापमानही बघ गं. थर्मामीटर नसेल तर साखर घे. साखर 186 अंशाच्या आसपास वितळते. अॅल्युमिनियम फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, ओव्हन आधी तापवून 175 वर पंधरा मिनिटं. ती कोरडी राहिली पाहिजे. 190 वर पाझरली पाहिजे. माझा ओव्हन 175 लाच साखर वितळवायचा, आणि मी दोन वर्षं कृतीला दोष देत होते.
दारात कागदाची पट्टी धरून दार लाव. सहज ओढून निघाली तर स्प्रिंग सैल झालीय. बोटाच्या वरच्या बाजूनं दाराच्या कडेची वाफही कळते.

मानेवाडा_नानकटाई:
दादा, सॉकेट उघडलं. मागची वायर बोटभर काळी पडून चुरमुऱ्यासारखी कडक झाली होती, स्क्रू हातानं फिरत होता. प्लग, सॉकेट दोन्ही बदलले. वरचा रॉड अर्धा तास नीट चालला. खालचा लावला आणि दोन मिनिटांत ईएलसीबी पडली. टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या भिंतीजवळ खालच्या रॉडवर मसुराएवढा फोड. ट्रे रोजचा तिथूनच आत जायचा, मला कधी दिसला नाही. रॉड बदलला, आज तीन तास चालवला, एकदाही पडली नाही. अर्थिंगही मोजलं, ठीक आहे.
काकू, साखर 175 वरच वितळली. मागच्या दिवाळीत नानकटाई खालून लाल का व्हायची ते कळलं. आता नॉब 150 वर ठेवून पहिला ट्रे आत गेलाय. नातीला जेवणाच्या टेबलाकडे बसवलंय.