पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका: काउंटरवरच्या माणसाला कळेल अशी कशी लिहावी?

डिचोलीकर:
डिचोलीतल्या एका पतसंस्थेसाठी कर्जअर्जाच्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका नव्यानं करायची आहे. जुनीतलं पहिलंच वाक्य बघा: "वापरकर्त्याने वैध क्रेडेन्शियल्स प्रविष्ट केल्यानंतर प्रमाणीकरण यशस्वी झाल्यास डॅशबोर्ड प्रदर्शित होईल." कर्मचारी पुस्तिका उघडतच नाहीत, सरळ फोन करतात. शब्द सोपे केले की भागेल का?

साखळीवाला:
नाही. त्या एका वाक्यात चार गोष्टी कोंबल्यात. असं फोडा:
१. 'यूजर नेम' चौकटीत कर्मचारी क्रमांक टाका.
२. खालच्या चौकटीत पासवर्ड टाका.
३. 'लॉगिन' दाबा. वर शाखेचं नाव दिसलं की तुम्ही आत आलात.

एका पायरीत एकच कृती, आणि ती जमल्यावर काय दिसतं तेही. हे दुसरं हमखास गाळलं जातं. मग माणूस 'सबमिट' तीनदा दाबतो आणि एकच अर्ज तीनदा जातो. बटणाचं नाव स्क्रीनवर आहे तेच ठेवा. 'सबमिट'चं 'सादर करा' केलंत तर ते बटण शोधत बसतील. अट नेहमी आधी: "जामीनदार नसेल तर पायरी ७ वर जा." उलट लिहिलं की अट वाचण्याआधीच माणूस सातव्या पायरीवर पोचलेला असतो.

मांडवीकाठ:
कागदपत्रांच्या यादीत 'सातबारा' राहिलाय का बघा. महाराष्ट्रातल्या पुस्तिकेवरून उतरवलं की तो येतोच. आपल्याकडे गोव्यात जमिनीसाठी 'एक-चौदा'चा उतारा लागतो.

दुसरी भानगड अंकांची. काही मराठी कीबोर्डांवर रक्कम देवनागरी अंकांत उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाणित पद्धतीत, देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे बरीच सॉफ्टवेअर ती रक्कम नाकारतात. पासवर्डाच्या चौकटीत तर नुसते ठिपके, चूक दिसतच नाही. लिहा: "विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा, इंग्रजी कीबोर्ड निवडा, आकडे पुन्हा टाका."

चुकांचे संदेश शेवटी वेगळ्या पानावर घ्या: संदेश स्क्रीनवर येतो तसाच, अक्षरशः; पुढे कारण, मग उपाय. आणि सगळा मजकूर युनिकोडमध्येच. जुन्या फाँटात टाइप केलेल्या पीडीएफमध्ये 'जामीनदार' शोधलं तर काहीच सापडत नाही, मग फोन आलाच.

डिचोलीकर:
स्क्रीनची चित्रं किती घालावीत?

साखळीवाला:
बटण सहज सापडत नाही तिथंच, आणि तेवढाच तुकडा कापून. लाल बाण नकोत. काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्ये ते करडे होऊन हरवतात. बटणाशेजारी पायरीचा आकडा मोठा टाका. चित्रात खऱ्या खातेदाराचं नाव येऊ देऊ नका, चाचणीचं खातं उघडून तेच वापरा.

छापण्याआधी चार-पाच कर्मचाऱ्यांना एकेक करून बसवा, हातात फक्त पुस्तिका. तुम्ही मागं उभे राहा, तोंड बंद. दोघं एकाच पायरीला अडले तर ती पायरी पुन्हा लिहा.

डिचोलीकर:
तोंड बंद ठेवणं सगळ्यात कठीण! देव बरें करूं. यादीत सातबारा निघालाच, पान १२ वर.