बॉम्बर सिम्युलेटर : खरंखुरं हवं की खेळता येणारं? आपापले अनुभव टाका

धागाकर्ता :
लोकहो, फायटरवाल्यांचे धागे पुष्कळ झाले, हा फक्त मोठ्या, चारपाच किंवा दहा माणसांच्या विमानांसाठी. सुरुवात मी करतो. 2000 साली मायक्रोप्रोज कंपनीचा 'बी-17 द मायटी एट्थ' हा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बरचा कॉम्प्युटर गेम आला तेव्हा मी कॉलेजात होतो. दहा जणांचा क्रू, कुणाच्याही जागी जाऊन बसायचं, पायलट, बॉम्बार्डिअर (बॉम्ब टाकणारा), विमानाच्या पोटाखालचा बॉल टरेट (बंदुकांचा फिरता गोल बुरूज), सगळं. पहिल्या दिवशी ठरवलं की गेममधला वेळ भरभर पुढे पळवायचा नाही, इंग्लंड ते जर्मनी पूर्ण उडायचं. दीड तासानं आई म्हणाली "अरे हे विमान हलतंय तरी का?" आणि खरं सांगतो, मलाही शंका यायला लागली होती. तेव्हापासून डोक्यात आहे, की हे विमान खरं दहा जणांचं, खेळणारा मी एकटा, मग उरलेल्या नऊ जणांचं काय करायचं? गेम त्याचं उत्तर कसं देतो त्यावर सगळं अवलंबून आहे असं माझं मत. तुमचं लिहा.

एकलकोंडा :
मी स्विचवाला माणूस आहे, म्हणजे कॉकपिटमधलं प्रत्येक बटण खऱ्यासारखं चालायला हवं, आधीच सांगतो. एफएसएक्सवर (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर) ए-टू-ए कंपनीचं बी-17 अ‍ॅक्यूसिमसकट (इंजिनं वगैरे खऱ्यासारखी वागवणारी जोड) उडवलंय. स्टार्टर आधी एनर्जाइज (फिरवून वेग द्यायचा), मग मेश (इंजिनाला जोडायचा), एकेक करून चार इंजिनं. एकदा काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या हवेच्या झडपा) उघडायचे विसरलो आणि टॅक्सीवेवर रेंगाळत बसलो, सिलिंडर हेडची तापमानं अशी चढली की उडायच्या आधीच एका इंजिनाची वाट. आणि गंमत म्हणजे पुढच्या फ्लाइटलाही ते इंजिन दुखावलेलंच, गेम विसरत नाही! बायको म्हणते घरच्या गाडीचं ऑइल कधी बघितलंस का. पण कबूल करतो, चार इंजिनं सांभाळताना बाहेर बघायला डोळेच उरत नाहीत. खऱ्या विमानात शेजारी कोपायलट आणि मागे टॉप टरेटवाला इंजिनिअर असायचा, ते काय हवापालट करायला नव्हते.

शेपटीवाला :
आयएल-2 ग्रेट बॅटल्स या गेममध्ये मल्टिप्लेअरला हाइन्केल 111 हा जर्मन बॉम्बर, मित्र पायलट आणि मी गनर. तो उंची गाठतोय, गाठतोय, पस्तीस मिनिटं झाली, एक चिटपाखरू नाही. म्हटलं पोहे टाकून येतो. कढईत मोहरी तडतडली आणि हेडफोनमधून हा ओरडतोय "मागे बघ मागे बघ", पळत आलो तर स्क्रीन काळी, मी मेलेलो. पोहे मात्र छान झाले होते. आता याला रिअ‍ॅलिझम म्हणायचं का कंटाळा? मला वाटतं दोन्ही, कारण खऱ्या गनरचं कामच वाट बघण्याचं होतं, फक्त त्याच्यासाठी बाहेर उणे चाळीस आणि तोंडावर ऑक्सिजन मास्क, पोह्यांची सोय नाही. दुसरं म्हणजे त्या गेममध्ये बॉम्बसाइटवर (बॉम्बचा नेम धरायचं यंत्र) पायलटलाच जावं लागतं, त्याची खुर्ची रिकामी आणि विमान लेव्हल ऑटोपायलटवर. लोक यावर हसतात, पण बी-17 मध्ये तरी बॉम्ब रनला (लक्ष्यावरच्या शेवटच्या सरळ उड्डाणात) नॉर्डन नावाची बॉम्बसाइट ऑटोपायलटला जोडलेली असायची, विमान बॉम्बार्डिअरच चालवायचा, म्हणजे ते इतकं खोटंही नाही. खोटं एवढंच की खुर्चीत माणूस नाही.

कन्यापिता :
मी उलट्या टोकाचा. बॉम्बर क्रू नावाचा गेम, 2017 चा, मोठ्या डोक्यांची कार्टून माणसं, लँकेस्टर हा ब्रिटिश बॉम्बर, सात जण. पायलटिंग जवळपास नाहीच, कुणाला कुठे बसवायचं, शत्रूची विमानं टॅग करायची (खूण करून गनरना दाखवायची), काही बिघडलं तर दुरुस्तीला कुणाला पाठवायचं, एवढंच. मुलगी नऊ वर्षांची, तिनं क्रूला घरच्यांची नावं दिली. आजी नेव्हिगेटर, मी (साहजिकच) शेपटीतला गनर. चौथ्या मोहिमेत मी मेलो. गेममध्ये मेलेला परत येत नाही, तिनं लॅपटॉप मिटला आणि येऊन मांडीवर बसली, दोन दिवस तो गेम उघडलाच नाही. वीस वर्षं सिम्युलेटर उडवतोय, एकाही स्विचनं हे केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडचे (ब्रिटिश वायुदलाचा बॉम्बर विभाग) 55,573 जण मेले हा आकडा मला पाठ होता, पण तो नुसता पाठच होता.

एकलकोंडा :
@कन्यापिता, पटलं, पण त्याला सिम्युलेटर म्हणू नका, एवढीच विनंती.

लिंकनशायरकर :
नोकरीनिमित्त इकडे इंग्लंडमध्ये असतो. ईस्ट कर्कबीला जस्ट जेन नावाची लँकेस्टर आहे, उडत नाही पण चारही इंजिनं चालू करून मैदानात फिरते, तिकीट काढून आत बसता येतं. गेममध्ये एक बटण दाबलं की कॉकपिटमधून शेपटीत. इथे मधोमध पंखाचा मेन स्पार (मुख्य तुळई) आडवा येतो, माझं पोट अडकलं, मागच्या इंग्लिश आजोबांनी ढकललं. तेही जमिनीवर, स्वच्छ दिवसा, जाड कपड्यांशिवाय. मागच्या गनरला तर पॅराशूट टरेटमध्ये मावायचं नाही म्हणून टरेटबाहेर फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) टांगलेलं असायचं, म्हणजे आग लागली तर आधी वळून दार उघडायचं, मग पॅराशूट शोधायचं. घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर जागा बदलायचं बटण वापरणं बंद. दोन मोहिमा टिकलो. मग पुन्हा सुरू केलं, खोटं कशाला बोलू.

घाईगडबड :
मी वॉर थंडर हा गेम खेळतो, तोही आर्केड, म्हणजे सोप्या प्रकारात. एका माउसवर सगळे टरेट, बॉम्ब हवेतच रिलोड, दहा मिनिटांत मॅच संपते, जेवणाच्या सुट्टीत बसतं. शिव्या द्या.

मामाचाभाचा :
शिव्या नाही, पण एक आठवण. आमचे मामा वायुदलात लिबरेटर या अमेरिकन बॉम्बरवर फिटर (विमान दुरुस्त करणारे) होते. युद्धानंतर कानपूरला भंगारात काढलेली ही विमानं एचएएलनं (हिंदुस्तान एअरक्राफ्ट) दुरुस्त केली आणि आपण ती 1968 पर्यंत वापरली. मामांना एकदा माझा सिम दाखवला, इंजिन आवाज वगैरे सगळं फुल्ल. बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "लँडिंगनंतर काय होतं?" म्हटलं मिशन संपतं, स्कोअर येतो. म्हणाले, "म्हणजे आमचं काम सुरू होतं तिथे तुझा गेम संपतो होय."

धागाकर्ता :
@मामाचाभाचा, फिटरचा सिम कुणी काढला तर पहिला मी घेणार. @शेपटीवाला, रविवारी रात्री हाइन्केल? गनर मी, पोहे आधीच खाऊन येतो.