सोसायटीच्या गेटवर मावश्यांनी बोट टेकवायचं की कार्ड दाखवायचं?

ऐरोलीकर: आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत ठराव येतोय. घरकामाच्या मावश्या, ड्रायव्हर, दूधवाले या सगळ्यांनी ठसा दिल्याशिवाय आत यायचं नाही. माझा साफ विरोध आहे. कार्ड हरवलं तर बंद करून लगेच दुसरं देता येतं. ठसा चोरीला गेला तर काय बदलून देणार? 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या कार्मिक खात्यातून 56 लाख लोकांचे ठसे गेले. तिथे ही गत, मग वॉचमनच्या केबिनमधल्या मशीनचा काय भरवसा?

घोडबंदर रोड: अजिबात पटत नाही. आमच्याकडे कार्डंच होती. एकीचं कार्ड घेऊन दुसरीच यायची, वॉचमन फोटो बघायचा नाही. घरात म्हातारे आईवडील एकटे असतात हो. आत कोण आलंय हे कळायलाच हवं. आणि मशीन ठशाचा फोटो ठेवत नाही, रेषा जिथे फुटतात नि संपतात त्या खुणा तेवढ्या साठवतं. उगाच घाबरवू नका.

ऐरोलीकर: त्या खुणांवरून मशीनला फसवेल असा ठसा परत तयार करता येतो, हे संशोधकांनी केव्हाच दाखवलंय. शिवाय 2019 मध्ये बायोस्टार 2 या दरवाजांच्याच यंत्रणेचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला होता, त्यात ठसेही होते.

वागळे इस्टेट: सकाळी सातला गेटवर उभं राहून बघा. मावशी पदराला बोट पुसते, टेकवते, लाल दिवा. परत पुसते, दुसरं बोट लावते, परत लाल. मागे रांग वाढते, पहिल्या घरी उशीर होतो आणि बोलणी तिला बसतात. साबण-सोड्यात वर्षानुवर्षं हात घालून रेषा झिजतात. रेशन दुकानात हेच होतं. 2023 चा डेटा संरक्षण कायदा मोकळेपणाने दिलेली संमती मागतो. नाही म्हटलं तर काम जाणार असेल, तर ती संमती कसली? मालक लोक स्वतः ठसा देणार आहेत का, तेही ठरावात लिहा.

महापे एमआयडीसी: मी याच धंद्यात आहे. प्रश्न ठसा राहतो कुठे हा आहे. फोन उघडताना तुमचा ठसा फोनच्या चिपमध्येच तपासला जातो, कंपनीकडे जात नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनवरूनच लॉगिन करायची सोय, तिचंही तेच. गेटसाठीही असं कार्ड मिळतं: ठशाच्या खुणा कार्डाच्याच चिपमध्ये, मशीनकडे काही साठवायचंच नाही. कार्ड दुसरीला देऊन उपयोग नाही आणि काम सुटलं की खुणा तिच्याबरोबर जातात. महाग पडतं, म्हणून विक्रेते आपणहून दाखवत नाहीत. मागून घ्या.

घोडबंदर रोड: हे चालेल, पण झिजलेल्या बोटांचं काय ते यातही सुटत नाही.

वागळे इस्टेट: नाहीच सुटत. त्यांच्यासाठी फोटोचं साधं कार्ड ठेवा आणि वॉचमनला फोटो बघायला लावा.