पोलादातल्या वनस्पती: मोहॉक वारसा की त्याचा नुसता आकार?

धागाकर्ता: ऐरण

अक्वेसास्ने ही मोहॉक या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची वस्ती सेंट लॉरेन्स नदीकाठी, ऑन्टारिओ, क्वेबेक आणि न्यूयॉर्क राज्य यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात तिथे आहे. तिथल्या शिल्पकार मार्गारेट जेकब्स पोलादातून वनस्पतींचे आकार घडवतात आणि त्यांवर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड उष्णतेने वितळवून चढवलेला लेप, करतात. अशा कामाविषयी लिहिताना ‘नाजूक निसर्ग आणि कठोर धातू यांचा विरोधाभास’ हे शब्द हमखास येतात. मला हा विरोधाभासच मान्य नाही.

1886 मध्ये काह्नावाके या दुसऱ्या मोहॉक वस्तीजवळ रेल्वेचा पूल बांधायला घेतला, तेव्हा तिथल्या पुरुषांना मजुरीवर घेण्यात आले आणि पाहता पाहता ते रिव्हेट, म्हणजे तुळया जोडणाऱ्या धातूच्या खिळी, ठोकण्यात तरबेज झाले. 29 ऑगस्ट 1907 रोजी क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि एकट्या काह्नावाकेची 33 माणसे गेली. त्यांच्या स्मरणार्थ दफनभूमीत पोलादी तुळयांचे क्रूस उभारले गेले. पुढच्या पिढ्यांनी न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचे सांगाडे उभे केले. ज्या घरात जून महिन्यात पहिल्या स्ट्रॉबेरीचा सोहळा होई, त्याच घरातला बाप रविवारी रात्री शहराची वाट धरी. एकाच घरात नांदलेल्या दोन गोष्टी एका शिल्पात आल्या, तर त्यात नवल कसले?

प्रतिसाद: वेताची टोपली

इतिहास बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. वनस्पतीचा आकार म्हणजे वनस्पतीचा वारसा नव्हे. अक्वेसास्नेच्या टोपल्या पाहा. ब्लॅक अ‍ॅश या झाडाचा ओंडका घणाने ठोकत गेले, की वाढीची वर्तुळे सुटी होऊन लांब पट्ट्या निघतात. त्या तासून विणतात आणि अधूनमधून स्वीटग्रास हे सुगंधी गवत गुंफतात. त्याचा वास टोपलीला वर्षानुवर्षे राहतो. इथे झाड निवडण्यापासून सारे ज्ञान हातात आणि नाकात असते. पोलादी पानाला ना वास, ना ऋतू. त्यातच उत्तर अमेरिकेत 2002 मध्ये मिशिगनमध्ये प्रथम आढळलेला एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा ही झाडे मारत सुटला आहे. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे कोरतात आणि झाड काही वर्षांत वाळते. अशा वेळी कलादालनांनी कौतुक कशाचे करावे, हा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद: ऐरण

टोपली आणि शिल्प यांची शर्यत कुणी लावली? एकाचे कौतुक केल्याने दुसऱ्याचे झाड वाळत नाही.

प्रतिसाद: नदीकाठ

माझा आक्षेप वेगळा आणि अधिक कडू आहे. 1950 च्या दशकाअखेरीस सेंट लॉरेन्सचा जलमार्ग झाला आणि स्वस्त विजेच्या ओढीने अक्वेसास्नेच्या शेजारी धातूचे कारखाने आले. फ्लोराइडच्या धुराने कॉर्नवॉल बेटावरच्या गाईंचे दात झिजले. पीसीबी हे विषारी रसायन नदीत मुरल्यामुळे मासे खाऊ नका, असे सांगण्याची पाळी आली. जिथे औषधी वनस्पती खुडताना माती आधी तपासावी असे वाटते, तिथे त्याच वनस्पती धातूत घडवून त्यांवर गुळगुळीत लेप चढवायचा, हे मला अस्वस्थ करते.

प्रतिसाद: ऐरण

तिथले कारखाने प्रामुख्याने अ‍ॅल्युमिनियमचे होते. मोहॉक लोकांचे पोटपाणी चालवले ते बांधकामाच्या पोलादाने. ‘धातू’ म्हणून दोघांना एकाच पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. शिवाय तुमची अस्वस्थता शिल्पाच्या विरोधात जात नाही. उलट ते शिल्प का पाहावे, याचे कारणच तुम्ही दिलेत.

प्रतिसाद: नदीकाठ

फरक मान्य, पण शिल्पाशेजारच्या पाटीवर हा इतिहास नसेल, तर पाहणाऱ्याला फक्त एक सुबक काळे पान दिसेल.

प्रतिसाद: तिसरी बहीण

पाटीचे ओझे शिल्पावर का? हौदेनोशौनी लोकांच्या, म्हणजे मोहॉकांसह सहा राष्ट्रांच्या संघाच्या, परंपरेत मका, घेवडा आणि भोपळा या तीन बहिणींची शेती बायकांच्या हाती होती आणि आकाशातून पडलेल्या स्त्रीनेच पृथ्वीवर रोपे आणली, अशी कथा आहे. तुळयांवरचे काम बहुतांशी पुरुषांचे राहिले. एक स्त्री वेल्डिंगची टॉर्च हातात घेऊन रोप घडवते, तेव्हा ती दोन्हीकडचे आपले हक्काचे घेत असते. यावर चर्चेत कुणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते. शिल्प म्हणून ते कसे उतरले आहे, देठाचा बाक जिवंत वाटतो की नुसती वाकवलेली सळई दिसते, याबद्दलही अवाक्षर नाही.

प्रतिसाद: वेताची टोपली

शेवटचा मुद्दा रास्त आहे. तरीही ब्लॅक अ‍ॅशचे बी साठवण्याच्या कामाला आणि एका पोलादी शिल्पाला निधी देताना निवड करावी लागली, तर माझे मत बियाण्याला.