मेंढा चरायला जातो तरी मेंढ्या उलटतायत (गाभण राहत नाहीत), खाण्याचा दोष असेल का?

राजापूरकर: पावसात मेंढा एकदम तयार होता, पण दिवाळीनंतर सड्यावरचं (कातळमाळावरचं) गवत करपलं तसा उतरत गेला. घरी नुसता भाताचा पेंढा. मेंढ्या परत परत माजावर येतायत. खुराक आता सुरू केला तर फरक कधी दिसेल?

लांजेकर: लगेच नाही दिसणार. मेंढ्याचं बीज तयार व्हायला साधारण 7 आठवडे लागतात, म्हणून खुराक मेंढा लावायच्या 2 महिने आधीच चालू करायचा. पेंढ्यात प्रोटीन जेमतेम 4 टक्के, त्यावर वृषण बारीक होतात आणि बीज कमी पडतं. शेंगदाणा पेंड द्या, हडगा शेवग्याचा पाला द्या. सुबाभूळ पण चालतो पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, त्यातल्या मिमोसीन नावाच्या विषारी घटकाने केस गळतात.

देवगडची ताई: भाऊ, मक्याचा भरडा सढळ हाताने घालू नका हं! धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्याने नराला मूतखडा होतो आणि लघवी तुंबून जनावर हातचं जातं. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं, पाणी भरपूर. आणि फार लठ्ठ झालेला मेंढा चढायला पण आळशी होतो. सुक्या गवतात व्हिटॅमिन ए उरत नाही म्हणून हिरवा पाला रोज हवाच, मिनरल मिक्श्चर झिंकवालं बघा.

लांजेकर: ताप येऊन गेला असेल किंवा दुपारी उन्हात बांधत असाल तरी बीज बिघडतं. आणि डॉक्टरांकडून वृषण तपासून घ्या, ब्रुसेलाची (वृषणाला होणाऱ्या जंतुसंसर्गाची) टेस्ट पण करा, तो आजार असेल तर खुराकाने काही होणार नाही.